नथ काढवत नाहीये

मंडळी, आत्ताच घरचं हळदीकुंकू आटोपलं. बायका गेल्या, पसारा तसाच पडलाय आणि मी हे लिहायला बसलेय.

माझ्या सहा वर्षांच्या ओवीला ऐकू येतं, पण बोलता येत नाही. म्हणून देवासहून बसने इंदूरला नेऊन तिला खुणांची भाषा शिकवतोय. ‘आई’ची खूण सोपी आहे. नाकात चमकी असते तिथे बोट टेकवायचं. ओवी ती पटकन शिकली. पण माझं नाक रिकामं आणि चमकी सासूबाईंच्या नाकात! त्यामुळे ती खूण करत धावते ती आजीकडेच. सासूबाई बिचाऱ्या ओशाळतात. "अगं, आई ही!" म्हणत तिला माझ्याकडे वळवतात. ती हसते अन् परत त्यांनाच बिलगते.

टीचर म्हणतात, "दीदी, थोड़ा टाइम दो, समझ जाएगी." देतेय की. पण हाकेची वाट बघणं फार अवघड असतं हो.

आज हळदीकुंकवासाठी मी दाबाची नथ घातली. वाणाचं ताट घेऊन बाहेर आले, तर ओवी समोर. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं.

ताट तिथेच ठेवून मी तिला उचलून घेतलं.

तिने मला हाक मारली की नथीला, मला ठाऊक नाही. नाक दुखून लाल झालंय, तरी नथ काढवत नाहीये. तुम्ही काढली असती का?