बॅटरीशिवाय थरथरलेले पाच व्होल्ट

चूक माझी होती. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला माझी दया यायला नको. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज... नक्की सांगता येत नाही.

मी रोह्याला राहतो, धाटावला एका कंपनीत टेक्निशियन आहे. पेणजवळ खाडीकाठी माझं आजोळ, लहानपण तिथेच गेलं. तिथल्या बांधावर मी गावासाठी बॅटरीवरचा भोंगा बसवला होता — भरतीचं पाणी खुणेवर आलं की वाजणारा. आत बॅटरीचे बारा व्होल्ट पाचावर आणणारा रेग्युलेटर. त्याच्या आउटपुटला एक बारीकसा कपॅसिटर लागतो, नाहीतर व्होल्टेज थरथरतं. सर्किट जोडलं त्या दिवशी माझ्याकडचे संपले होते. घरी टेबलावर, भोंगा न जोडता, मीटर स्थिर पाच दाखवत होता, म्हणून तसाच डबा बंद केला.

उधाणाच्या दुपारी भोंगा वाजलाच नाही. भातशेतीत खारं पाणी शिरलं.

देवळासमोर सगळे जमले. बांधाची राखण वर्षानुवर्षं गणपतकाकांकडे. वयामुळे त्यांचा उजवा हात थरथरतो. भोंग्याला काय झालं, असं विचारल्यावर मी म्हणालो, "काकांचा हात लागून वायर हलली असेल."

"मी हात नाय लावला रं," काका म्हणाले.

"हात तुझ्या ताब्यात तरी हाय का, गणपत?" कुणीतरी बोललं. लोक हसले. राखण दुसऱ्याकडे गेली.

त्याच रात्री सर्किट घरी आणून बॅटरी आणि भोंगा जोडला. मीटरचा काटा चार-सहाच्या मध्ये थरथरत होता. कपॅसिटरची जागा रिकामी. सगळं कळलं... आणि मी गप्प बसलो. बॅटरी काढून गॅलरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने हाक मारली. "अहो, हे हलतंय बघा!"

काटा पाचाच्या आसपास थरथरत होता.

"बॅटरी तर गॅलरीत आहे," ती म्हणाली. "तुमचं भूतही पाच व्होल्टचंच निघालं होय!"

मला हसू आलं नाही. वायरी तपासल्या, मीटर बदलला. अर्ध्या-पाऊण तासाने काटा आपोआप शून्यावर आला. पहिल्या दिवशी हे अडीचला झालं, मग सव्वातीनला, मग चारला. खाडीकाठी वाढलेल्याला ही वेळ सांगावी लागत नाही. भरती रोज तेवढीच पुढे सरकते.

रविवारी काकांकडे गेलो. "काका, हल्ली दुपारचे काय करता?"

"काय करणार? भरती भरली का बांधावर जातो. तू डबा काढून नेलास, नुसता खांब रायलाय. त्याला धरून उभा रायतो पाणी उतराय लागंपर्यंत." मग जरा हसले. "हात थरथरतो ना, आधार लागतो."

मला त्यांच्याकडे बघवेना.

रोह्यातल्या टेबलाचा आणि त्या खांबाचा काय संबंध, मला आजही माहीत नाही. कंपनीतल्या इंजिनियरांना विचारलं, ते हसले. मीटर अजून तसाच जोडून ठेवलाय. त्या रविवारनंतर काटा हललेला नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मीच लोकांना देवळासमोर बोलावलं. काकांना पुढे बसवलं. मी म्हणालो, "कपॅसिटर मी लावला नव्हता. काकांनी भोंग्याला हात लावला नव्हता. हे मला त्याच रात्री कळलं होतं, तरी मी बोललो नाही. काका, मला माफ करा."