फितूर पेशी आणि मिरचीची धूळ

माझ्याच रक्तातल्या पेशींनी मला फसवलं. आज आमच्या मिरची कांडपावर धाकटी जाऊ सुनंदा पोत्यात नाक घालून भरभरून वास घेत होती आणि मी दाराबाहेर तोंडाला पदर लावून तिचा मोकळा श्वास बघत होते. हे कांडप मी उभं केलं. नुसत्या वासावर माल पारखून मी व्यापाऱ्यांना नमवायचे. दम्यामुळे ती पारख आता तिच्याकडे गेली.

"जाऊबाई, लांबच बसा. मिरचीला तुमचं वावडं दिसतंय!" ती हसली.

दवाखान्यात डॉक्टर सांगतात, रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींपैकी नॅचरल किलर टी पेशी असतात मूठभरच, पण जंतूंची चरबी ओळखून इतरांआधी धावतात. हल्ला करा आणि आवरा, दोन्ही निरोप त्याच देतात. दोन्हीकडून बोलणारा दलाल मी दारात उभा करत नाही. काहींच्या दम्यात त्यांचा हात असावा, असा संशय आहे म्हणे.

"मग त्याच धुळीत सुनंदाला काहीच कसं होत नाही?" मी डॉक्टरांना विचारलं.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं, बाई."

वेगळं कुणी केलं? डॉक्टर, औषधाची चिठ्ठी नंतर लिहा, आधी याचा जाब द्या.