दिवसा न दिसणारा जाळ
मी पुढच्या पन्नास वर्षांच्या ऊर्जेचे अंदाज बांधते, असं सांगितलं की लोणावळ्यातले शेजारी मला हवामान खात्यातली समजतात. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी घरी बसून मी तक्ते करते. देश कोळसा किती जाळेल, उन्हावर आणि वाऱ्यावर किती वीज करेल, हवेत कार्बन किती जाईल, असे एकेका वर्षाचे रकाने भरायचे. एका तक्त्यात कार्बन काही केल्या कमी होईना, तेव्हा संस्थेतल्या माझ्या सरांनी पोलादाच्या भट्ट्या हायड्रोजनवर न्यायला सांगितल्या. मी नेल्या. रेषा सुरेख खाली उतरली. हायड्रोजनच्या गळतीच्या रकान्यात मी शून्य टाकलं होतं, कारण तिथे काहीतरी टाकावंच लागतं.

हायड्रोजन कुठे वापरतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. मळवलीच्या पलीकडे त्याचं एक खासगी चाचणी केंद्र होतं, ते बघून ये, असं सरांनी सुचवलं. भात कापणीला आलं होतं. भर दुपारी मी मळवलीला उतरून चालत गेले.

केंद्र दाखवायला साठीच्या जवळचे एक गृहस्थ आले. कुसगावकडचे शेतकरी, पण निम्मं आयुष्य कारखान्यांतल्या गॅसच्या नळ्यांवर गेलेलं. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या हातात लांब बांबूला बांधलेला खराटा होता. झाडलोट अर्धी टाकून आले असावेत, असं मला वाटलं.

टाक्यांच्या रांगेपाशी ते थांबले आणि खाली बघू लागले. सिमेंटवर दोन चतुर पडले होते, शेतांवर थव्याने उडतात ते. त्यांना पंख नव्हते. मी बघत असतानाच तिसरा नळ्यांजवळून उडत आला आणि हवेतल्या हवेत तुटल्यासारखा खाली पडला. कसलाच आवाज झाला नाही.

आबांनी माझ्यापुढे हात आडवा धरला.

“ताई, म्होरं काय दिसतंय का?”

“काहीच नाही.”

“न्हाई दिसायचं. म्हनून तर हितंच थांबा.”

खरंच काही नव्हतं. ऊन होतं, करड्या नळ्या होत्या, कुंपणापलीकडे पिवळं भात आणि मागे डोंगर. त्यांनी खराटा सावकाश पुढे सरकवला. वीतभर, मग हातभर. एका जागी काड्यांची टोकं लाल झाली आणि भुरकन पेटली. खराट्याचा जाळ पिवळा, रोजच्या ओळखीचा होता. पण हायड्रोजनच्या ज्या जाळाने तो पेटला, तिथे नुसती हवा होती, आणि त्या हवेतून डोंगर जसाच्या तसा दिसत होता.

मला धग लागत नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आबांनी मला आल्या वाटेने मागे जायला सांगितलं आणि भिंतीवरचं लाल बटण दाबून गॅस तोडला. धोक्याची घंटा वाजलीच नव्हती. गळका सांधा खांबाआड होता, तिथवर जाळ ओळखणाऱ्या यंत्राची नजर पोचत नव्हती, हे नंतर कळलं.

“विझलं का?” मी लांबूनच विचारलं.

“कुनाला ठावं. बघतो.”

भिंतीला दहा-बारा खराटे टेकवून ठेवले होते. ते कशासाठी, हे मला आत्ता समजलं. त्यातला एक घेऊन आबांनी तो त्याच जागी धरला. आम्ही दोघं काड्यांच्या टोकांकडे बघत राहिलो. टोकं लाल झाली नाहीत. तरी ते खराटा खाली घेईनात. जरा वर, जरा डावीकडे, खांबाच्या मागे, असे ती रिकामी जागा चाचपत राहिले. वाऱ्याने काड्या हलल्या तरी मी एक पाऊल मागे सरत होते.

मग फाटकाजवळ चहा घेताना त्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता, कातडी गुळगुळीत. इथल्या पहिल्याच महिन्यात हात असल्याच जाळात गेला आणि आत गेल्यावरच कळलं, असं ते म्हणाले. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं.

“हितं न्हाई वाटत. घरी गेल्याव वाटती. मग चुलीम्होरं बसतो वाईच. तितला जाळ दिसतो, बरं वाटतं.”

घरी आल्यावर मी तक्ता उघडला. न जळता निसटलेला हायड्रोजन हवा तापवणाऱ्या दुसऱ्या वायूला जास्त काळ टिकवतो, हे मी वाचलेलं होतं. तरी शून्यच टाकलं होतं. ते पुसून मी तिथे ‘माहीत नाही’ असं लिहिलं. क्षणात, भट्ट्या हायड्रोजनवर गेल्या त्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत कार्बनच्या प्रत्येक रकान्यात चुकीची खूण उमटली. रेषा मधेच तुटली आणि पुढचा सगळा कागद कोरा झाला. मी तो तसाच सरांना पाठवला.

सकाळी त्यांचा फोन आला. किती गळलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी आबांना फोन केला. सांधा बदलला, पण किती गेलं ते कुणी मोजलं नाही, असं ते म्हणाले. सरांनी दुपारी एक लहानसा आकडा टाकून तक्ता परत पाठवला. सगळी वर्षं जागेवर आली होती, रेषा किंचित वर सरकून पुन्हा सुरेख उतरत होती.

तो आकडा कुठून आणला, हे मी विचारलं नाही. अहवाल तसाच छापला गेला, आणि मी अजून तेच काम करते.