उतारावर लावलेली गाडी

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीला थोडा उतार होता. त्याच्या माथ्यावर गल्लीतले मामू आपली जुनी डिझेल पिकअप लावायचे. सगळे त्यांना मामूच म्हणत. खरं नाव मला कधीच कळलं नाही. बॅटरी मेली होती आणि नवी परवडत नव्हती. सकाळी मामू पायानं चाकाखालची वीट सरकवायचे. गाडी घरंगळू लागली की गिअर टाकायचे आणि इंजिन खोकत सुरू व्हायचं. मग स्टिअरिंगला लावलेला हात ते कपाळाला लावायचे. कॉलेजच्या बसची वाट पाहत मी हे रोज बघत असे.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. भर घालून उतार पार काढून टाकला. शेजारच्या काकांनी पेढे वाटले, मामूंनाही एक दिला.

"काय मामू, कसा झाला रस्ता?"

"लई भारी, साहेब. गाडी तेवढी चालू होत नाय."

"मग नवी बॅटरी घ्या की!"

"घेतो की. पण आधी गाडी चालली तरच भाडं येईल ना?"

काका हसले.

पलीकडच्या गल्लीत उतार होता, पण तिथले लोक गाडी लावू देईनात. आमच्याकडे सुरुवातीला चारजण धक्का द्यायचे. पुढे मामूंनी हाक मारली की माणसं मोबाईल कानाला लावून निघून जायची.

शेवटी भंगारवाला आला. तो स्टिअरिंगवर बसला. रस्ता इतका गुळगुळीत होता की मागून ढकलायला एकटे मामू पुरले.