तीस वर्षं बिस्किटं, आठ दिवस साड्या

"ये आपके कोई हैं क्या, माताजी?" बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाजारचौकातल्या, साड्यांच्या दुकानदाराने सगळ्यांसमोर मला विचारलं, आणि मी म्हणाले, "नहीं, हम नहीं जानते." ज्यांच्याबद्दल विचारलं ते समोरच गादीवर, मांडीवर उलगडलेला शालू घेऊन बसले होते. ते माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते तीन वर्षांचे होते आणि माझ्याच हातून भात खायचे.

आमच्या भावजींइतका खरं बोलणारा, आणि त्यामुळेच कुठल्याही कामाला न येणारा माणूस शहराच्या अख्ख्या लश्कर भागात दुसरा नसेल. गावाबाहेरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं ते सरकत्या पट्ट्यापाशी उभे राहिले. पट्ट्यावरून बिस्किटं यायची, त्यातलं जळकं, तुटकं, वाकडं यांनी उचलून बाजूला टाकायचं. एवढंच काम. पण हाताला ते असं लागलं की घरीही सुटेना. दिवाळीत मी चकल्या तळल्या की हे ताट पुढे ओढून शांतपणे ढीग करायचे. "वहिनी, हा पास, हा फेल." फेलचा ढीग नेहमी मोठा. गणपतीच्या एकवीस मोदकांतले नऊ त्यांनी एकदा परत पाठवले. बाहेर सगळे आरतीला उभे आणि मी आत गॅसपाशी घामाघूम, पुन्हा पाऱ्या वळत बसलेली. तरुणपणी मुली बघायला गेले की पोह्यांतले करपलेले दाणे बशीच्या कडेला ओळीने लावत बसत. मुलीकडे बघायचं राहून जाई. मुलीची आई मात्र ती ओळ बघे. असं त्यांचं लग्न राहिलं ते राहिलंच.

मग कारखाना बंद झाला आणि पंचावन्नाव्या वर्षी भावजी काम शोधायला निघाले. इस्त्रीचा सदरा, हातात कागदांची पिशवी. ज्याच्या त्याच्याकडे एकच प्रश्न, "हमारी लाइन का तजुर्बा है?" दवाखान्याच्या काउंटरवर माणूस हवा होता, तिथे दवाखान्यातलाच हवा. कुरिअरवाल्याला कुरिअरमधलाच हवा. हे म्हणायचे, "एकदा घेतल्याशिवाय त्या लाइनीतला होऊ कसा?" एका ऑफिसातल्या पोरसवदा साहेबाने सांगितलं, "अंकल, आपने पट्टा देखा है, दुनिया नहीं देखी." घरी येऊन भावजींनी मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "बरोबर बोलला तो." दुसऱ्या एका ठिकाणी फॉर्मवर स्वतःतले दोष लिहायचे होते. यांनी सात लिहिले आणि आणखी एक कागद मागितला.

मला राग यायचा. मी म्हटलं, "भावजी, बिस्किटांचं नावच काढू नका. सांगा, कापडात होतो."

"आणि कापडाबद्दल काही विचारलं तर?"

"म्हणा, चांगलं आहे."

तीन दिवस आरशासमोर घोकलं त्यांनी. चौथ्या दिवशी एका साड्यांच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "मी बिस्किटात होतो, पण वहिनींनी कापड सांगायला सांगितलंय." दुकानदार पोट धरून हसला. लग्नसराई होती, माणसं कमी पडत होती, त्याने ठेवून घेतलं. मी त्यांना कुठलं दुकान हेही विचारलं नाही. सुटले एकदाची, असंच वाटलं मला.

त्यात नातीचं लग्न ठरलं. विहीणबाई इंदूरच्या, ऐटबाज. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की मुलीचे चुलत आजोबा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. भावजींना त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं. शालू घ्यायला त्या आल्या, नातीला आणि मला घेऊन बाड्यावर निघाल्या, आणि त्यांना आवडलं त्याच दुकानात शिरल्या. गादीवर भावजी. नोकरीचा आठवा दिवस. मी डोळ्यांनी दटावलं. ते समजले, ओळख दाखवली नाही.

विहीणबाईंनी एक लाल शालू पसंत केला. भावजींनी तो उजेडाकडे धरला, पदराजवळ बोट ठेवलं आणि चकलीबद्दल बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "यह फेल है. तार टूटा है."

मालक उसळला. "आठ दिन से यही तमाशा! ग्राहक को ही माल का खोट दिखाता है!" नातीच्या तोंडून "आजोबा" निघणार होतं, मी तिचा हात दाबला. तेवढं मालकाने पाहिलं, आणि मला तो प्रश्न विचारला.

त्या दुकानात मी चाळीस वर्षं साड्या घेतल्या आहेत. "हो, आमचेच आहेत, आणि खरं बोलताहेत," एवढं म्हटलं असतं तर त्याने त्यांना काढलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी नाही म्हणाले.

भावजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "माताजी, आप दूसरा देखिए." मग शालूची घडी मूळच्या मोडीवर बसवली, उठले, चपला घातल्या.

"बाई, डोक्याने अधू दिसतो," विहीणबाई म्हणाल्या. मी हसले. आणि शालू आम्ही तोच घेतला.

संध्याकाळी ताट वाढताना माझी मान वर होईना. भावजी जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, तुम्ही किती साफ बोललात हो. मी असतो तर अडकलो असतो." टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना टोमणे मारता येत नाहीत. ते मला पास करत होते.

लग्नाला आठवडा राहिला. विहीणबाई त्यांना ओळखणार. मी तोंड उघडायच्या आधी तेच आले. "वहिनी, लग्नाच्या दिवशी मला आग्र्याला बोलावलंय. मुलाखतीला."

"कुठल्या लाइनीत?"

त्यांचे कान लाल झाले. "बघतो ना," म्हणाले. पहिल्यांदाच खोटं बोलत होते आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लग्न छान झालं. मंडपात विहीणबाईंनी चौकशी केली, मी म्हटलं, कामानिमित्त बाहेरगावी आहेत. रात्री परत आलो तेव्हा खोलीत ते इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, दिवसभर कुठेही न गेलेले. नोकरी गेली ती त्यांची, नातीच्या अक्षता चुकल्या त्या त्यांच्या. माझे धाकटे दीर, वय पंचावन्न, अजून काम शोधताहेत.