माझं मनगट कोणी धरलं?

भुताखेताची गोष्ट घेऊन कोणी आलं, की "आधी लघवी तपासून घ्या" म्हणणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... तुम्हीही हसा.

मी नगरला रोबोटनं प्रोस्टेट कॅन्सरची ऑपरेशनं करतो. म्हणजे पेशंट टेबलावर, त्याच्या पोटात रोबोटचे हात, आणि मी आठ फुटांवर मशीनमध्ये डोकं खुपसून बसलेला. नागापूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेल्या शब्बीरचाचांना त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे समजावलं.

"मंजी आत कशाला हात लागला, ते तुमाला कळनारच न्हाई?"

"नाही चाचा, फक्त दिसतं. तेवढं पुरतं," मी ऐटीत म्हणालो.

"लई जपून चालवा मग."

सकाळी साडेदहा. मी कात्री ओढतोय आणि पडद्यावर कात्री ढिम्म! माझा नेहमीचा वेंधळेपणा — पायाखालचं पेडल चुकून दाबलं गेलेलं, आणि मी कात्रीऐवजी रोबोटचा तिसरा हात ओढत होतो. तो पडद्याबाहेर, मला दिसतच नव्हता. मशीन अडकलं समजून आणखी जोर लावणार —

तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. गच्च. कोमट, खरबरीत हात... पाचही बोटं.

डोकं बाहेर काढलं. मागे नुसती भिंत.

"सिस्टर, हात का धरला?"

"मी इकडं पेशंटपाशी आहे, सर. तुमचा हात धरायला रिकामी आहे का मी?"

कॅमेरा मागे घेतला आणि घाम फुटला. तिसऱ्या हाताचा चिमटा मोठ्या रक्तवाहिनीला टेकला होता. आणखी बोटभर ओढलं असतं, तर चाचा टेबलावरच गेले असते.

दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांचा उजवा हात हळूच हातात घेतला. दोन बोटं लेथनं कधीच नेलेली.

"नाडी बघता व्हय?"

"हो हो, नाडीच." डावा हात बघायचं मात्र या गाढवाला सुचलं नाही! आणि सुचून तरी काय? माणूस भूल देऊन झोपवलेला होता. इंजिनिअरनं मशीन तपासलं. बिघाड शून्य.

चाचा आता ठणठणीत आहेत. त्या ऑपरेशनचा व्हिडिओ मी ज्युनिअर डॉक्टरांना दाखवतो. परवा एकीनं विचारलंच, "सर, चिमटा तर दिसतच नाहीये. मग नेमके इथंच कसे थांबलात?"

"सवयीनं कळतं," मी म्हणालो.

तिनं ते वहीत लिहूनही घेतलं.