खाडीत सोडलेला तारामासा
समुद्रातला तारामासा मी भिवंडीजवळच्या कशेळीच्या खाडीत सोडला. म्हटलं, पाणी ते पाणीच. अजूनही ओहोटीच्या चिखलाचा वास आला की तो डोळ्यांपुढे येतो. लग्नानंतर पहिल्यांदाच समुद्राकाठच्या सासुरवाडीला गेलो होतो. "राहू द्या हो त्याला खडकावर," बायको सांगत होती, पण मी कसला ऐकतोय! "भिवंडीत तुला माहेरचं कुणी नको का?" म्हणत डब्यात खारं पाणी भरलं आणि त्यातून त्याला एसटीने घरी आणला. खाडीचं पाणी निम्मं गोडं, गढूळ. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघं बघायला गेलो, तर तो चिखलात पांढराफटक, पाचही हात पसरून, गाडलेलं कुणी वर यायला धडपडत असावं तसा. बायकोने वाकून त्याच्यावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "माहेरचा एक मारलात. आता मला तरी जगवा."